वेळास ते मालवण: शिमग्यात कॅमेरा घेऊन

कोकणात कुठला कॅमेरा न्यावा असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, लेन्स बदलणार कुठे? दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, त्यात बारीक वाळू असते आणि खारे तुषारही. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे काचेवर बसलेला थर वाळत नाही, चिकटच राहतो. अशा हवेत लेन्स काढून कॅमेऱ्याच्या बॉडीचं तोंड उघडं केलं की सेन्सरवर डाग ठरलेले.

म्हणून शिमग्यात सागरी रस्त्याने खाली उतरताना सामान मुद्दाम कमी घेतलं. एक एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरची मिररलेस बॉडी, तिच्यावर १८-१३५ मिलिमीटरची झूम आणि खिशात मावणारी ३५ मिलिमीटर, एफ १.८ ची प्राईम, म्हणजे झूम न होणारी पण जास्त उजेड घेणारी लेन्स. १८-१३५ म्हणजे फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या) हिशेबात साधारण २७ ते २०० मिलिमीटर, म्हणजे बंदरापासून किल्ल्यापर्यंत सगळं एकाच लेन्सवर भागतं. प्राईम लावायची ती मुक्कामाच्या खोलीत किंवा काचा वर केलेल्या गाडीत. फुल फ्रेम आणि दोन-तीन भारी लेन्सा असतील तर खुशाल न्या, पण उन्हात जांभ्याच्या पायऱ्या चढताना त्या बहुतेक वेळ गाडीतच राहतात. नवीन घेणार असाल तर आणखी मेगापिक्सेलऐवजी वेदर सीलिंग (धूळ-पाणी आत जाऊ न देणारे रबरी जोड) असलेल्या झूमवर पैसे घाला. अर्थात सीलिंग शिंतोड्यांपुरतं असतं, लाटेसाठी नाही.

सुरुवात मंडणगड तालुक्यातल्या वेळासपासून. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात घरट्यांतून बाहेर येतात आणि सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडली जातात. फ्लॅश चालत नाही, मोबाईलचा टॉर्चसुद्धा नाही, आणि दोरीच्या अलीकडेच थांबायचं. सकाळी ऊन पूर्वेच्या डोंगरावरून उशिरा उतरतं, त्यामुळे उजेड मऊ पण कमी असतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, बेधडक ३२०० वर न्या. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. उभ्याने काढलेल्या फोटोत पिल्लू वाळूवरचा ठिपका दिसतं. गुडघे टेका, कॅमेरा वाळूपासून वीतभर वर धरा आणि फिरता स्क्रीन असेल तर वरून बघा. गर्दी असते, मागच्यांच्या शिव्या खायच्या नसतील तर लवकर जाऊन पुढची जागा धरा. आणि पिल्लू एकदा तरी कॅमेरा खाली ठेवून बघा.

तिथून केळशी, आंजर्ले करत हर्णै. संध्याकाळचा मासळीचा लिलाव पुळणीवरच भरतो. होड्यांतून माल बैलगाड्यांनी किनाऱ्यावर येतो, पापलेट-सुरमई-कोळंबीचे ढीग लागतात आणि बोली सुरू होते. इथे लांबून झूम मारण्यापेक्षा ३५ मिलिमीटर लावून माणसांत शिरणं मला जास्त आवडतं. पण आधी बोला. "मावशी, फोटो काढू का?" एवढं विचारलं की बहुतेक जणी हसून हो म्हणतात, एखादी "आधी मासे घे" असंही सुनावते. कुणी नको म्हटलं तर नको. बोली चालू असताना वाटेत उभं राहू नका, बैलगाडी तुमच्यासाठी थांबणार नाही. पायांत धुता येतील अशा चपला, आणि बॅग खाली टेकवायची नाही, कारण त्या वाळूत मासळीचं पाणी मुरलेलं असतं. तो वास बॅगेच्या फोमला महिनाभर सोडत नाही.

हर्णैसमोरच सुवर्णदुर्ग. तो, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी २०२५ साली इतर मराठा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेले. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि किनाऱ्यासमोरच्या जलदुर्गाची तटबंदी उजळते. दगडाचा रंग, बुरुजांची गोलाई, सगळं सकाळचं काम. संध्याकाळी तोच किल्ला काळी आकृती होतो. तीही छान दिसते, पण मग एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे एक ते दीडपर्यंत उतरवा, नाहीतर आकाश पांढरं पडतं. लोक मात्र सकाळी नाश्त्याला बसतात आणि संध्याकाळी तट दिसत नाही म्हणून कुरकुरतात. पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा चकाकी मारणारा फिल्टर, जवळ ठेवा. ओल्या खडकांवरची आणि पाण्यावरची चकाकी तो मारतो, पण एक-दोन स्टॉप उजेडही खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि वाईड लेन्सवर आकाश पट्ट्यापट्ट्याचं करतो.

दाभोळ-धोपावे आणि पुढे तवसाळ-जयगड या दोन्ही फेरीबोटींवर गाडी चढते. डेकवर फोटो जरूर काढा, कॅमेरा गळ्यात ठेवून.

रत्नागिरीच्या आसपासच्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवरची, कातळशिल्पं (खडकात कोरलेल्या प्राचीन आकृती) २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. दुपारी बाराला गेलात तर जांभ्यावर रेषा जवळपास दिसणारच नाहीत. सकाळी लवकर किंवा ऊन तिरपं झाल्यावर कोरीव खाचेत सावली पडते आणि आकृती उठून येते. रेषा दिसाव्यात म्हणून खडूने गिरवणारे, पाणी ओतणारे लोक आहेत, तुम्ही त्यांच्यात जाऊ नका. कशेळीचा हत्ती इतका मोठा की उभ्याने फ्रेममध्ये मावत नाही. ट्रायपॉडचे पाय मिटवा, कॅमेरा वर बसवा, दहा सेकंदांचा टायमर लावा आणि सगळं डोक्यावर उंच धरा. ड्रोनचा मोह होतो, पण त्याचे नियम आधी तपासा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यांवर तर परवानगीशिवाय उडवता येत नाही.

शिमग्यातल्या ग्रामदेवतांच्या पालख्या संध्याकाळनंतर. ढोल-ताशांवर पालखी नाचते, गुलाल उडतो, आणि उजेड म्हणजे सहाणेवरचे (पालखी टेकते त्या चौथऱ्यावरचे) दोन-चार एलईडी दिवे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर बंद करा आणि शटरचा वेग १/१०० सेकंद ठेवा, म्हणजे फोटोत आडवे पट्टे येत नाहीत. नाचणाऱ्यांचे हात थोडे हलले तर हलू द्या, शिमगा आहे. एफ १.८ ची प्राईम इथे पैसे वसूल करते. गुलालासाठी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घ्या, लेन्सपुरतं भोक पाडा आणि रबर लावा. मानकऱ्यांना आधी विचारलं की जागाही तेच करून देतात.

मालवण-तारकर्लीला सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात. जाळ्याच्या दोराला हात लावायला बोलावलं तर कॅमेरा बाजूला ठेवून जा.

रोज रात्रीचं काम न चुकता करा. आधी ब्लोअरने वाळू उडवायची, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबरने बॉडी पुसायची, शेवटी कोरड्या कापडाने. कोरडंच घासलं तर वाळूचे ओरखडे पडतात. ट्रायपॉडचे सांधे गोड्या पाण्याने धुवा. एसी खोलीतून बाहेर पडताना बॅगेची चेन लगेच उघडू नका, काचेवर दव धरतं, अर्धा तास थांबा. लाईट जाते, तेव्हा कॅमेरा यूएसबीवरून चार्ज होणारा असेल तर पॉवर बँक कामी येते.

घरी आल्यावर लेन्स थेट कपाटात ठेवू नका, बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. ड्राय कॅबिनेट असेल तर ४० ते ५० टक्के आर्द्रता पुरे. पावसाळ्यात जाणार असाल तर सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात, लांब झूम घरी ठेवा आणि ती जागा रेनकव्हर आणि जास्तीच्या कापडांना द्या.