टाळ थांबला नाही ती दिंडी

ज्येष्ठ वद्य एकादशी. पुण्यातला दोन रात्रींचा मुक्काम उरकून ज्ञानेश्वर माउलींची पालखी पहाटे भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरातून निघते, हडपसरला तुकोबांच्या पालखीपासून तिची वाट वेगळी होते आणि दिवेघाट चढून संध्याकाळी ती सासवडला पोचते. 30 किलोमीटरच्या वरची मजल, आणि तीही उपासाची. धर्म आणि सार्वजनिक जीवन हा आमच्या विद्यापीठ केंद्राचा विषय. वारीतल्या मोजणीसाठी आम्ही हाच दिवस धरतो, तो घाटासाठी. सपाटीवर माणसं शेतातून, गल्लीतून, कालव्याच्या कडेनं कुठूनही पुढे जातात. वडकीच्या पुढे मात्र सगळ्यांना एकाच चढावर यावं लागतं.

दिवसभरात कामं दोन. दुपारपर्यंत माणसं मोजणं आणि वाटेतल्या विसाव्यांवर प्रश्नावली भरून घेणं. संध्याकाळी सासवडच्या तळावर समाजआरतीचं ध्वनिमुद्रण. ही दोन कामं एकमेकांना लागून आहेत असं त्या दिवसापर्यंत आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं. दोन्हींच्या फायलीही वेगळ्या होत्या.

आधी मोजणीचं सांगतो. रेघ घाटाच्या पायथ्याशी धरायची नाही, माथ्यावर झेंडेवाडीच्या अलीकडे धरायची. खाली धरली की वळणं टाळून मधल्या पायवाटांनी चढणारे सुटतात. शिवाय मस्तानी तलावाच्या बाजूला फोटो काढायला थांबलेले दोनदा मोजले जातात. रेघ म्हणजे रस्त्याच्या एका बाजूचा विजेचा खांब आणि समोरचा किलोमीटरचा दगड. ती ओलांडली की हातातल्या टॅली काउंटरवर एक टिचकी. मोजणाऱ्यानं चेहऱ्यांकडे बघायचं नाही, पावलांकडे बघायचं. चेहरा बघितला की नजर त्या माणसाबरोबर पुढे जाते आणि मागचे तीन जण निसटतात. अर्ध्या तासानं माणूस बदलायचा. त्यानंतर थकवा येतो आणि टिचक्या पावलांच्या नाही, टाळाच्या ठेक्यावर पडायला लागतात. हे विनोदानं लिहिलेलं नाही. मोकळ्या वारकऱ्यांसाठी लावलेला एक काउंटर एकदा पाच मिनिटं चक्क भजनाच्या लयीत चालला होता. शेजारचा काउंटर सोबत होता म्हणून कळलं.

मोकळे वारकरी, म्हणजे दिंडीत न चालणारे, नमुन्यानं मोजता येतात. दर पाच मिनिटांतलं एक मिनिट मोजायचं आणि त्याला पाचानं गुणायचं. दिंड्यांना हा हिशेब चालत नाही. दिंडी गठ्ठ्यानं येते. तुमचं मिनिट नेमकं दोन दिंड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडलं तर वहीत शून्य येतं आणि पाचपट केलं तरी शून्यच राहतं. म्हणून प्रत्येक दिंडी सबंध मोजायची: रांगा किती, रांगेत माणसं किती. सुरुवात ओळखणं सोपं. पुढे पताकाधारी असतात, बहुतेक वेळा दिंडीच्या क्रमांकाची पाटी असते. त्यांच्या मागे टाळकरी, मृदंग, मग वीणेकरी, आणि त्यांच्या मागे डोक्यावर तुळशी वृंदावन आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. वीणा खाली ठेवत नाहीत, ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. शेवट ओळखणं मात्र कठीण. बायांच्या मागे दिंडीचेच दमलेले लोक असतात, दिंडीचे नसलेलेही असतात. आमचा नियम असा की पुढच्या पताका दिसेपर्यंत जे लागून चालतात ते या दिंडीचे. हा नियम लक्षात ठेवा.

रथाचे बैल घाटात एका जोडीनं भागत नाहीत, जास्तीच्या जोड्या जुंपतात. तेवढा वेळ रथापुढच्या 27 दिंड्या आणि रथ यांच्यात अंतर पडतं. तो आमचा चहाचा वेळ.

आता प्रश्नावली. पहिल्या वर्षीच्या कागदावर ‘धर्म’, ‘पंथ’, ‘उपासनेची वारंवारता’ असे रकाने होते. पुस्तकातून आलेले. ‘उपासनेची वारंवारता’ वाचून दाखवल्यावर लातूरकडच्या एका आजींनी विचारलं, “म्हंजी काय ओ माउली?” आणि प्रश्न विचारणाऱ्यालाही सांगता आलं नाही. ते रकाने काढले. आता विचारतो ते असं: माळ कधी घातली, कुणाच्या हातून घातली? वारी कितवी? मधे कुठल्या वर्षी चुकली, का चुकली? फड (म्हणजे कुठल्या महाराजांची परंपरा) कोणता? दिंडीत भिशी (म्हणजे जेवणखाण, राहुट्या, ट्रक आणि टँकर यांसाठी प्रत्येकानं द्यायचे पैसे) भरली की मोकळे चालताय? घरी मागे कोण आहे? पेरणी झाली का? या शेवटच्या प्रश्नावर माणूस बोलता होतो. आणि एक प्रश्न मोजणीसाठी: आज रात्री मुक्काम कुठं? पुण्यापासून सासवडपर्यंत चालून रात्री एसटीनं परत जाणारे त्या दिवशी खूप असतात. त्यांना पंढरपूरच्या वारकऱ्यांत धरलं की आकडा फुगतो. वर्तमानपत्रांत दरवर्षी जे लाख छापून येतात त्यांत ही गाळणी कुणी लावलेली दिसत नाही.

जातीचा प्रश्न दिंडी चालत असताना विचारायचा नाही, घोळक्यात तर नाहीच. इरावती कर्वे वारीबरोबर चालल्या तेव्हा एकाच वाटेवर चालणाऱ्यांच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या बसताना त्यांनी पाहिल्या होत्या. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषणाला बसावं लागलं. तेव्हा प्रश्न टाळता येत नाही. पण विसाव्याला, एकट्या माणसाला, तेही आधी ‘सांगायचं नसेल तर पुढे जाऊ’ म्हणून विचारायचा. फराळाची वेळ बरी. हातात साबुदाण्याची खिचडी किंवा राजगिऱ्याचा लाडू असला की माणूस घाईत नसतो. संमतीचा कागद वाचून दाखवायचा. अंगठा घ्यायचा नाही, तोंडी होकार मुद्रित करायचा. अंगठा म्हटलं की सावकार आणि सातबारा आठवतो.

त्या दिवशी दुपारी रथामागच्या एका दिंडीपाशी घोटाळा झाला. दिंड्यांची मोजणी आम्ही भिशीच्या वहीशी ताडून बघतो. वही व्यवस्थापकाकडे असते आणि नावं न उतरवता नुसती बेरीज बघू देतात. या दिंडीच्या वहीत दीडशेच्या आसपास माणसं होती. आमच्या रेघेवर दोनशेच्या वर आली. दहा-वीसचा फरक नेहमीचा. मुलं, पाहुणे, कुणी पुढे ट्रकबरोबर गेलेलं. पण एक तृतीयांश फरक? दोन्ही काउंटर जवळपास सारखंच सांगत होते, म्हणजे टिचकीची चूक नाही. मग एकानं म्हटलं, वही अर्धवट आहे, पैसे न भरलेले लोक व्यवस्थापक लपवतोय. दुसऱ्याचं म्हणणं, रांगा चारांच्या नव्हत्या, तीनच्या होत्या. वाद मिटला नाही. पेन्सिलीनं समोर प्रश्नचिन्ह टाकलं आणि सासवडची वाट धरली. पेन्सिल यासाठी की ज्येष्ठातल्या पावसात शाईच्या वह्या दोनदा धुऊन निघाल्या आहेत.

समाजआरतीची माहिती ज्यांना नाही त्यांच्यासाठी. तळावर पालखी पोचली की दिंड्या तिच्याभोवती रिंगण धरून उभ्या राहतात. सगळ्यांचे टाळ-मृदंग एकदम चाललेले असतात, शेजारच्या माणसाच्या कानात ओरडावं लागतं. मग चोपदार चोप, म्हणजे हातातला दंड, उंच करतो आणि हजारो टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार आहे ती थांबत नाही. ती टाळ वाजवत राहते. चोपदार त्या आवाजाच्या दिशेनं जातो, म्हणणं ऐकून घेतो, मानकऱ्यांपर्यंत पोचवतो. वाटेत सापडलेल्या आणि हरवलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या निघायची वेळ सांगितली जाते, मग आरती. सोहळ्याला हे लष्करी वळण लावलं ते साताऱ्याकडच्या आरफळच्या हैबतबाबांनी, 1832 च्या सुमारास. ते शिंद्यांच्या पदरी होते. पालखीपुढचे अश्व आणि पादुकांचा तंबू बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरदारांकडून येतात, तेही तेव्हापासूनच.

ध्वनिमुद्रणाची अडचण ही की टाळ हे फार टोकदार वाद्य आहे. मोबाइल आपोआप आवाज खाली-वर करतो. टाळ थांबले की तो शांतता उचलून धरतो आणि ऐकताना शांतताच कळत नाही. म्हणून आपोआप पातळी ठरवणारी सोय बंद करायची. दोन यंत्रं लावायची, एकाची पातळी नेहमीची, दुसऱ्याची बरीच खाली. पहिल्यावर टाळ फाटले तर दुसऱ्यावर मिळतात. माइकवर वाऱ्याची लोकरी टोपी, यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीत सिलिका जेलची पुडी. सुरुवातीला दोन्ही यंत्रांपुढे एक मोठी टाळी वाजवायची, म्हणजे नंतर दोन्ही मुद्रणं जुळवता येतात. सगळं रिंगणाच्या बाहेर, आणि चोपदारांना आधी विचारून. आरतीत मधे घुसलेला माइक कुणालाच आवडत नाही, आणि आवडू नये.

चोप वर गेला. यंत्राचा काटा खाली आला. पूर्ण नाही. डावीकडून, बऱ्याच लांबून, एकाच लयीत टाळ चालू होते. पंधरा-वीस जणांचे असतील. आवाज मोठा नव्हता. पण बाकी सगळं गप्प असताना ती दिंडी तळाच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू जात होती. अर्ज कचेरीत दिला की तो अर्जदार आणि कारकून यांच्यात राहतो. इथे तक्रार आहे हे सगळ्यांना कळतं, काय आहे ते फक्त चोपदाराला आधी कळतं. आणि सगळ्यांना कळल्यावर ती गिळून टाकणं कठीण होतं.

माहिती काढायला गेलो तेव्हा दिसलं, ही आमची प्रश्नचिन्हाची दिंडी.

तक्रार अशी. घाटाच्या मध्यावर, रथाच्या बैलांसाठी मागचे थांबले होते तेव्हा, क्रमांक नसलेला एक मोकळा गट बाजूनं चढत आला आणि या दिंडीच्या बायांच्या मागे शिरला. त्यांच्याकडे पाटी नव्हती, पताका नव्हत्या, टाळ मात्र होते. ते त्यांचा अभंग त्यांच्या चालीत म्हणत होते. तुळशी-हंड्यांच्या बायांना पुढे स्वतःच्या दिंडीची वीणा आणि मागे परके टाळ. एक वयस्कर टाळकरी म्हणाले, “धक्का लागल्याचं काई नाही. एकादशीचे अभंग चालले होते आणि आमच्याच बायांना आमची वीणा ऐकू येईना. मग त्या दिंडीत हायेत कशाला?” मागच्या दिंडीचाही खोळंबा झाला होता, कारण तिच्या पताका आणि यांचा शेवट यांच्यात अंतर राहिलं नव्हतं.

म्हणजे वही बरोबर होती, व्यवस्थापक काही लपवत नव्हता आणि रांगाही चारांच्याच होत्या. चूक आमच्या नियमात होती. पुढच्या पताका दिसेपर्यंत सगळे या दिंडीचे, असं आम्ही धरलं होतं. दिंडीचं म्हणणं होतं की जिथपर्यंत वीणा ऐकू येते आणि जे तिच्या चालीत म्हणतात, तिथपर्यंत दिंडी. आमची व्याख्या डोळ्यांची, त्यांची कानांची. दिंडीचा क्रमही त्यांच्या लेखी शोभेचा नाही. चालायची जागा, तळावर उभं राहायची जागा, सगळं त्या क्रमावर ठरतं. कुणी मधे शिरलं तर आज अभंग बुडतो आणि पुढे क्रमावरही वाद उभा राहू शकतो.

चोपदारांनी म्हणणं ऐकल्यावर टाळ थांबले. तेव्हा काटा खरोखर तळाला गेला. मुद्रणात ती जागा आजही स्पष्ट दिसते. थोड्या वेळानं निर्णय सांगितला गेला: बिनक्रमांकाच्या गटांनी सगळ्या दिंड्यांच्या मागे चालावं, मधे शिरू नये. दंड नाही, माफीनामा नाही. त्या गटातले काही जण जवळच उभे होते, त्यांनी ऐकलं. पोलिस बंदोबस्त तळावर होता, त्यांना यात पडावं लागलं नाही. त्याच दिवशी कुणी टँकरची तक्रार केली असती तर ती प्रशासनाच्या माणसांकडे गेली असती. क्रमाची तक्रार सोहळ्यातच मिटते.

रात्री राहुटीत बसून दुपारच्या नोंदी पुन्हा काढल्या. मोजणीच्या वेळी फोटो नव्हे, पण रेघेवर आम्ही एक छोटं यंत्र नुसतं चालू ठेवलेलं असतं, वेळेची नोंद बोलून करण्यासाठी. ते ऐकलं. त्या दिंडीच्या शेवटाकडे ठेका बदललेला स्पष्ट कळतो. तिथून पुढच्या पताकांपर्यंतच्या टिचक्या वेगळ्या केल्या. उरलेला आकडा वहीच्या आकड्यापासून दहाच्या आत आला. मग तीच कसोटी बाकी दिंड्यांना लावली आणि आणखी दोन ठिकाणी असेच चिकटलेले गट निघाले. त्यांच्या दिंड्यांनी मात्र टाळ थांबवले होते, तक्रार केली नव्हती. का केली नाही, ते दुसऱ्या दिवशी सासवडच्या मुक्कामात जाऊन विचारलं. एका ठिकाणी उत्तर मिळालं, ते मागचे आमच्याच तालुक्यातले होते. दुसऱ्या ठिकाणी व्यवस्थापक हसले आणि म्हणाले, “घाटात कुणी चिकटलं तर चिकटू द्यावं हो. ते बी दमल्यालेच असत्यात.”

प्रश्नचिन्ह खोडलं. मोजणीच्या कागदावर दोन रकाने वाढवले: ‘ठेका बदलला ती रांग’ आणि ‘संध्याकाळी टाळ थांबले का’. फाइल एकच केली.