चित्रावरचा बटर पेपर

परवा दुपारी जेवून आडवी झाले, झोप काही येईना, म्हणून मोबाईलवर एका जुन्या पुस्तकाचं स्कॅन उघडलं. ओकासँ आणि निकोलेत. याच नावाच्या दोन प्रेमिकांची गोष्ट, तेराव्या शतकातली, फ्रान्सची, पण हे पुस्तक शंभरेक वर्षांपूर्वीचं, रंगीत चित्रंवालं. वाचायचं नव्हतंच, मी आधी चित्रंच बघते, खोड जुनी आहे. तर एक पान आलं ते सगळं धुरकट, मागे कुणीतरी उभं असल्यासारखं. म्हटलं स्कॅन बिघडलं. पुढचं पान सरकवलं तर तीच मुलगी, लख्ख! चित्रावरचा तो पातळ कागदसुद्धा कुणीतरी इमानेइतबारे स्कॅन केला होता.

तो कागद. आत्याच्या कपाटात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, चित्रं वेगळ्या गुळगुळीत कागदावर छापून एकाच कडेने चिकटवलेली, आणि प्रत्येकावर हा असा बटर पेपर. (आम्ही बटर पेपरच म्हणायचो.) मी आठ वर्षांची असेन, मला ठाम वाटलं की हा चित्र गिरवायलाच दिलाय, नाहीतर कशाला ठेवतील? चांगली दाबून दाबून राणी गिरवली. कागद उचलला तर खालच्या खऱ्या राणीच्या गालावर ही खोल रेघ. आत्या ओरडली नाही, नुसती पुस्तक उजेडाकडे तिरपं धरून बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

असो. निकोलेत. ओकासँपासून तोडून कोंडून ठेवलेली ती चादरी आणि टॉवेल एकमेकांना बांधून खिडकीतून खाली उतरते, मे महिना, चांदणं पडलेलं, दव लागू नये म्हणून झगा वर धरून बागेतून चालते, आणि पायाखाली मोडलेली डेझीची फुलं तिच्या गोऱ्या पावलांवर काळी दिसतात. आता हे कोण चित्रकार सोडेल! बिडा नावाच्या चित्रकाराचा तर या गोष्टीवर इतका जीव की 1878 च्या पॅरिसच्या आवृत्तीत एचिंगही (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं) त्याची आणि आजच्या फ्रेंचमधला अनुवादही त्याचाच. 1903 मध्ये ल्युसियाँ पिसारोने, म्हणजे कामीय पिसारो या मोठ्या चित्रकाराच्या मुलाने, बायकोला हाताशी धरून घरच्या प्रेसवर हीच गोष्ट छापली. आणि या सगळ्या खटाटोपाचं मूळ हस्तलिखित जगात एकच, पॅरिसला. थोडं गाणं, थोडं गद्य, पुन्हा गाणं, आपल्या कीर्तनासारखं.

पण माझी तक्रार वेगळीच आहे. याच गोष्टीत तोरलोर नावाचं एक राज्य आहे, तिथला राजा बाळंतपणासाठी अंथरुणाला खिळलाय आणि राणी लढाईवर गेलीय. लढाई कशाने, तर सडकी रानसफरचंदं, अंडी आणि ताजं चीज! ओकासँ आधी त्या राजाला काठीने बडवतो, मग रणांगणावर जाऊन खरी तलवार काढून माणसं मारायला लागतो, तर राजाच त्याला अडवतो, की बाबा रे, आमच्यात एकमेकांना मारायची पद्धत नाही. मी पाहिलेल्या चित्रांत हे कुठेच नाही. चांदणं आहे, केस आहेत, भिंतीच्या फटीतून बोलणं आहे, चीज मात्र नाही. चित्रकारांना वाटत असेल, प्रेमकथेच्या पुस्तकात बाळंतीण राजा शोभत नाही. लिहिणाऱ्याला शोभला की, सातआठशे वर्षांपूर्वी!

म्हणून संध्याकाळी मीच वाणसामानाच्या यादीमागे राजा काढायला घेतला. उशा जमल्या, पांघरूण जमलं, पण चेहरा काही केल्या तापाने पडलेल्या आमच्या धाकट्या काकांसारखाच होत होता आणि चीज म्हणून जे काढलं ते सरळसरळ इडली दिसत होतं. दोनदा खोडलं. मग कुकरची शिट्टी झाली.