रिपोर्ट निगेटिव्ह, मग आजार कसला?

"अक्का, सगळे रिपोर्ट निगेटिव्ह म्हणताय, मग संधिवात आहे म्हणून ठरवलं कुणी?" बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या दुकानात फॉल-पिकोला साडी टाकायला आलेल्या बायका विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या नात्यातल्या बायका विचारतात. काहींच्या बोलण्यात काळजी असते, तर काहींचा सूर 'गंडवलं असणार हिला' असा. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा बैजवार सांगते.

माझ्या आजाराचं नाव सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिस या कातडीच्या आजाराच्या जोडीनं येणारा संधिवात. सोरायसिस असलेल्यांपैकी 30 टक्क्यांपर्यंत लोकांना तो होऊ शकतो. बहुतेकांचं आधी कातडीचं सुरू होतं आणि सांधे काही वर्षांनी धरतात. पण 'ही पॉझिटिव्ह आली की हा आजार' अशी एकही रक्ततपासणी नाही. सगळी गोची इथंच आहे. आपल्याकडं दुखलं की लॅब, आणि रिपोर्टात ठळक अक्षरात काही दिसलं नाही की दुखणं मनाचं.

माझं टाचेपासून सुरू झालं. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली पावलं भिंत धरून टाकायची. एका दवाखान्यात टाचेचं हाड वाढलंय म्हणून सांगितलं, मऊ चप्पल आली. मग पायाचं एक बोट सुजलं. रक्तात युरिक ॲसिड किंचित जास्त निघालं, तेवढ्यावर गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचा संधिवात ठरला आणि घरात माझ्यापुरती आमटी बंद. (आमटीशिवाय भात कसा खायचा हे सांगणारा डॉक्टर मला अजून भेटायचाय.) सोरायसिसमध्ये कातडीच्या पेशी भराभर तयार होतात, भराभर मरतात, आणि त्यानंही युरिक ॲसिड वाढू शकतं, हे मला पुढं कळलं. हाताची बोटं धरली तेव्हा गल्लीत सगळ्यांचं एकमत: चिकुनगुनियाचं राहिलेलं! 2006 च्या साथीत कर्नाटकात लाखो माणसं आजारी पडली. तेव्हापासून इथं कुठलाही सांधा दुखला की बोट त्याच्याकडं. शंका अगदीच वावगी नव्हती, तो ताप खरोखरच महिनोन्महिने सांधे सोडत नाही. पण मला ताप आलाच नव्हता.

ऐन लग्नसराईत उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं. नुसता सांधा नव्हे, मुळापासून टोकापर्यंत अख्खं बोट, लालसर, चकचकीत. कापड बेतायच्या मोठ्या कातरीच्या कडीत ते जाईना. साबण लावून घातलं तर बाहेर निघेना. मग मी खडूनं खुणा करायच्या आणि कापायचं मुलीनं. दोन ब्लाऊजचे गळे वाकडे गेले, गिऱ्हाइकांचं ऐकून घेतलं. रक्त पुन्हा तपासलं. आरए फॅक्टर, म्हणजे आमवातासाठी रक्तात शोधतात तो घटक, निगेटिव्ह. अंगातला दाह दाखवणाऱ्या दोन तपासण्यांपैकी सीआरपी नॉर्मल, ईएसआर जेमतेम जास्त. "काही नाही बाई, वय झालंय."

आमच्या आजीच्या वेळी मोठं दुखणं म्हटलं की मिरज. डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली तिथं मिशनचं काम सुरू केलं, आणि आमच्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिरजेची गाडी धरत आली. हल्ली बेळगावातच पुष्कळ सोय आहे, कुणी हुबळीला जातं, कुणी गोव्याला. मी कोल्हापूर गाठलं, ते चुलतभावानं तिथं नंबर लावून ठेवला म्हणून. कुठल्या गावाला जाता याला फार अर्थ नाही. जायचं मात्र ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडं. मोडलेलं जोडायला आणि झिजलेलं बदलायला हाडांचे डॉक्टर. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटली असेल तर ते काम यांचं. हा फरक आमच्याकडं अजून फारसा कुणाला माहीत नाही.

त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि मला खिडकीशी नेऊन नखं बघितली. नखांवर बारीक बारीक खड्डे होते, अंगुस्तानावर असतात तसे. सुईकाम करणाऱ्या बाईची नखं अशीच असायची, असं घरात सगळेच धरून चालले होते. एका नखाची कड मांसापासून सुटलेली. मग विचारलं, "डोक्यात कोंडा होतो?" होतो की, कुणाला होत नाही? त्यांनी कानामागचे केस बाजूला केले. तिथं लाल चट्टा, वर पांढरी खपली, मानेवरही तसलाच. बेंबीतही बघितलं. सोरायसिस कोपर-गुडघ्यावरच असतो असं नाही. तो टाळूवर, बेंबीत, अगदी ढुंगणाच्या फटीतही लपून राहतो, आणि बाईमाणूस काही आपण होऊन ते दाखवत नाही. मग टाचेच्या मागं, कंडरा जिथं हाडाला चिकटते तिथं त्यांनी अंगठा दाबला आणि मी ओरडले. सकाळचं आखडलेपण किती वेळ राहतं, हालचालीनं सुटतं की वाढतं, तेही खोदून खोदून विचारलं. झिजेचं दुखणं कामानं वाढतं. माझं उलट. उठल्यावर चांगला तासभर हात वळायचे नाहीत, आणि कणीक मळून झाली की बोटं जरा सुटायची.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सांध्यात, मणक्यात किंवा कंडरेच्या जागी दाह असेल तर त्यापुढं गुण मोजतात. 2006 साली ठरलेल्या या निकषांना कॅस्पार म्हणतात. अंगावर आत्ता सोरायसिस असेल तर 2 गुण. आत्ता नसून पूर्वी होऊन गेला असेल किंवा घरात जवळच्या कुणाला असेल तर 1. नखांतले बदल 1, अख्खं बोट सुजणं 1, एक्स-रेमध्ये सांध्याजवळ नवं हाड धरलेलं दिसलं तर 1. आणि आरए फॅक्टर निगेटिव्ह असेल तर त्याचाही 1! एकूण 3 झाले की पुरे. ज्या कागदावर बोट ठेवून मला सगळीकडून घरी पाठवत होते, त्याच कागदाला इथं गुण मिळाला. त्यातही लॅटेक्स पद्धतीनं केलेली तपासणी या हिशोबात धरत नाहीत, म्हणून दुसऱ्या पद्धतीनं पुन्हा केली, जोडीला अँटी-सीसीपी ही आमवाताचीच आणखी एक रक्ततपासणी. दोन्ही निगेटिव्ह. निगेटिव्ह रिपोर्ट बघून पहिल्यांदाच बरं वाटलं. माझे पाच गुण भरले, एक्स-रे साफ असूनही.

हे निकष मुळात संशोधनासाठी केलेले आहेत, डॉक्टर नुसती बेरीज करून मोकळे होत नाहीत. या आजारात एखाद्याचा आरए फॅक्टर पॉझिटिव्हही येतो. पण बघून, दाबून, विचारून निदान होतं ते असं. सहा महिन्यांच्या उशिरानंही सांध्यांचं कायमचं नुकसान वाढू शकतं, त्यामुळं 'रिपोर्ट बिघडला की बघू' म्हणून थांबायची सोय नाही.

तुम्ही दाखवायला जाणार असाल तर सूज असतानाचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण नंबर लागतो त्या दिवशी बोट हमखास शहाण्यासारखं वागतं. नखांना नेलपॉलिश नको, मेंदी तर नकोच. दुकानातून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून खाऊ नका. सूज उतरते, निदान झाकलं जातं, आणि गोळी सोडली की सोरायसिस उसळू शकतो. औषधांचं पुराण इथं लावत नाही, एकच सांगते. मेथोट्रेक्सेट हे या आजारावरचं औषध मिळालं तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, वार ठरवून. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. माझ्या कॅलेंडरवर रविवारांना लाल पेनानं गोल आहेत.

"लागट आहे का हो?" हा पुढचा प्रश्न दबक्या आवाजात येतो. अजिबात नाही. घराण्यात मात्र चालतो, म्हणून मी धाकट्या भावाच्या मागं लागलेय. त्याच्या कोपरांवर चट्टे आहेत. सोरायसिसवाल्यांना विचारायचे पाच प्रश्न आहेत: कधी सांधा सुजला होता का, संधिवात आहे असं कधी डॉक्टर म्हणाले का, नखांत खड्डे आहेत का, टाच दुखली होती का, कारण नसताना हाताचं किंवा पायाचं अख्खं बोट सुजून दुखलं होतं का. तिनांना 'हो' आलं तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला दाखवायचं. त्याचं सध्या नखांना तेवढं 'हो' आहे. दिवाळीला आला की मी पुन्हा विचारते, तो वैतागतो, आणि वहिनी त्याचे मोजे काढून टाचा दाबून बघते.