दोन फरश्यांचा हिशेब

मार्चअखेर, सकाळची शाळा. बीड जिल्ह्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीला ऊर्जेचं रूपांतरण शिकवायचं होतं. रात्री जागून एक डबा केला. पत्र्याचा गोल डबा, बुडाला नि झाकणाला दोन-दोन भोकं, त्यांतून ओवलेलं जाड रबर आणि आत रबराची फुली पडते तिथं बांधलेला नट. ढकलला की थोडा पुढं जाऊन आपोआप मागं यायला हवा.

वर्गात ढकलला. गेला आणि पडून राहिला. पुन्हा ढकलला, तेच. पोरं हसू दाबत होती. तासाआधी एकदा घरी ढकलून बघावा, एवढंही मला सुचलं नव्हतं.

एका गवंड्याच्या पोरीनं डबा कानाशी नेऊन फिरवला. "सर, नट डब्यासंगंच फिरायलाय. त्यो ओळंब्यागत लटकाया पायजे."

बरोबर होतं. नट जड असला, तरच तो खाली लोंबत राहतो, डबा त्याच्याभोवती फिरतो आणि रबराला पीळ बसतो. डब्याची गतिज ऊर्जा त्या पिळात स्थितिज ऊर्जा म्हणून साठते. माझा नट पडला हलका. समोरच्या वेल्डिंगच्या दुकानातून ट्रॅक्टरचा जुना नट आणला.

आता डबा सहा शहाबादी फरश्या गेला, थांबला, अंगात आल्यासारखा थरथरला आणि मागं फिरला. वर्गात नुसता गोंधळ!

आठवड्यापूर्वीच ऊसतोडीवरून परतलेला एक जण मात्र फरश्या मोजत होता. "सर, डब्यानं काटा मारला. सहा नेल्या, चारच दिल्या."

घर्षण, असं मी फळ्यावर लिहिणार तोच दुसरा म्हणाला, "आवाजात गेल्या आसतील, केवढा खडखडतोय." मग सतरंजी अंथरली. आवाज बंद झाला, पण डबा जेमतेम दोन फरश्यांएवढाच मागं आला. आवाज सुटला, सतरंजी अडकली.

मग मी एक सुटं रबर झटकन ताणून ओठाला लावायला सांगितलं. पीळ बसतानाही रबर असंच थोडं तापतं, आणि ती सगळी ऊब परत मिळत नाही. सगळा वर्ग ओठाला रबर लावून बसला.

"गरम लागायलंय," हिशेबवाला म्हणाला. "म्हंजी थोड्या हितं, थोड्या जमिनीवर." जरा थांबून, "पर कुठं किती, ते कसं मोजायचं सर?"