संशयित मायक्रोवेव्ह

आमच्याकडे वायफाय रात्री साडेआठला जायचं. सगळ्यांचं नाही, माझ्या एकटीच्या लॅपटॉपचं. हॉलमध्ये मोबाइलांवर नवऱ्याची मॅच आणि सासूबाईंची मालिका सुरळीत चालू असायची. आत बेडरूममध्ये अमेरिकेतल्या टीमसमोर माझा चेहरा अर्ध्या जांभईत गोठलेला. 'तुझा लॅपटॉपच म्हातारा झालाय,' हे निदान घरात एकमताने मंजूर झालं होतं.

कस्टमर केअरवाल्याने राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. केला. नेट आलं. ते एरवीही वीसेक मिनिटांत येतंच, पण त्या दिवशी श्रेय त्याला मिळालं. अंगारेधुपारे असेच टिकून राहतात.

शेवटी मीच कमांडची काळी खिडकी उघडली आणि राउटरच्या पत्त्यावर, १९२.१६८.१.१ वर, पिंग लावून ठेवलं. म्हणजे राउटरला सारखं 'आहेस का? आहेस का?' विचारत राहायचं. तो 'आहे' म्हणत असताना नेट गेलं, तर दुखणं घराबाहेरचं. तोच गप्प बसला, तर घरातलं. उत्तरं येत होती दोन-तीन मिलिसेकंदांत. साडेआठ वाजले. २, ३, २, मग एकदम ४८०, ११००, आणि मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'च्या ओळीच्या ओळी. त्याच क्षणी स्वयंपाकघरातून आवाज आला: टिंग!

मायक्रोवेव्ह! वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा आणि मायक्रोवेव्ह चालतो २.४५वर. पुरावा हातात होता.

"आई, उद्या उसळ गॅसवर गरम कराल का?"

"का गं, बिघडला का तो?"

मी लहरींचं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे माझ्या उसळीमुळे तुझं ऑफिस बंद पडतं?"

दुसऱ्या दिवशी उसळ कढईत गरम झाली आणि नेट साडेआठलाच गेलं. ताट घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या. "आता कुणाला धरणार?" उसळ गरम व्हायला दोन मिनिटं लागतात आणि नेट वीस मिनिटं जातं, हा साधा हिशेब मला आधी सुचला नव्हता. सुनेच्या तपासात असं होतं कधीकधी.

खरा आरोपी माझ्या डाव्या कोपरापाशी बसला होता. लॅपटॉपच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३च्या, पोर्टात खुपसलेली हार्ड डिस्क. रोज साडेआठला फोटोंचा बॅकअप घ्यायला तिला मीच सांगून ठेवलं होतं आणि विसरले होते. यूएसबी ३मधून माहिती पळते तेव्हा त्या जोडणीतून बारीक रेडिओ गोंगाट बाहेर पडतो आणि तो नेमका २.४च्या पट्ट्यात येतो. इंटेलने २०१२मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. लॅपटॉपचा अँटेना पडद्याच्या चौकटीत, म्हणजे डिस्कपासून वीतभर. कानाशी मिक्सर लावून लांबच्या माणसाचं बोलणं ऐकायचा प्रकार. राउटर बिचारा बोलत होता, याला ऐकू येत नव्हतं. मोबाइलांना डिस्क चिकटलेली नव्हती, म्हणून ते मजेत.

वायफायच्या नव्या पट्ट्यावर, ५ गिगाहर्ट्झवर, गेले असते तर हा गोंगाट आडवा आलाच नसता. पण राउटर आणि माझ्यामध्ये नऊ इंची विटांच्या दोन भिंती आणि आरशाचं लोखंडी कपाट आहे. ५ची लहर तिथवर येईतो धापा टाकते आणि लॅपटॉप निमूटपणे २.४वर उतरतो. कपाट हलवायचा विषय काढून पाहिला. लगेच मिटवला.

मग मीटरभर लांबीची यूएसबी केबल आणली आणि डिस्क टेबलाच्या पार टोकाला नेऊन ठेवली. साडेआठ वाजले, डिस्कचा दिवा लुकलुकायला लागला. २, ३, २, ३, २.

हे सगळं मी सासूबाईंना रीतसर सांगितलं, मायक्रोवेव्ह निर्दोष सुटल्याचंही. तरी रोज रात्री ऐन मीटिंगमध्ये स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज येतोच, "लावू का गं?" माझा माइक नेमका चालू असतो. परवा टीममधल्या एकाने विचारलं, हे 'लावू' म्हणजे काय?