२०३२ ची रिकामी पट्टी

ओहायोच्या आग्नेय भागात, शुगर मेपलच्या दाट सावलीतील उत्तरेकडच्या उतारावर, मी २०१८ पासून दर शरदात अमेरिकी जिनसेंग या औषधी मुळाच्या वनस्पतीची एक पट्टी पेरत आलो आहे. रानातल्यासारखे वाढू दिलेले हे मूळ काढण्याजोगे होण्यास किमान सात आणि माझ्या मते दहा वर्षे लागतात, म्हणून दरवर्षी एक पट्टी असा हिशेब मी धरला होता. त्या हिशेबात २०२२ मध्ये पेरलेली, म्हणजे २०३२ मध्ये काढायची पट्टी मात्र रिकामी आहे.

आमच्या गावी वाल, दोडका, भोपळा यांचे बी आई उन्हात खडखडीत वाळवून, राखेत घोळून डब्यात ठेवत असे. २०२१ मध्ये तिसऱ्या हंगामाच्या रोपांना पहिली मूठभर लाल फळे धरली, तेव्हा मीही गर धुऊन बी वाळवले, कागदी पाकिटात जपले आणि पुढच्या शरदात पेरले. त्यातले एकही उगवले नाही, आणि ही चूक मला अजून सलते. जिनसेंगचे बी वाळले की मरते. फळ पिकते त्या वेळी बियांतील अंकुर अपुराच असतो. तो पुढचा सबंध उन्हाळा ओलाव्यात वाढतो आणि दोन हिवाळे सोसल्यानंतर, म्हणजे सुमारे १८ ते २० महिन्यांनी, जमिनीवर येतो.

आता मी ताजे बी ओल्या वाळूत मिसळून, वर-खाली बारीक जाळी ठोकलेल्या लाकडी पेटीत भरतो आणि पेटी झाडाखाली पुरतो. जाळी उंदरांसाठी असते. वाळू कोरडी पडू नये, एवढे मात्र उन्हाळाभर स्वतः पाहावे लागते. वर्षभराने पेटी उघडली की तयार बी शिवणीवर किंचित उकललेले दिसते. ते लगेच सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरून वर पालापाचोळा पसरावा.

बियाण्याइतकीच जागेचीही आधी तजवीज करावी लागते, कारण जिनसेंगला जिनसेंगचाच बेवड, म्हणजे आधी तेच पीक घेतलेली जमीन, मानवत नाही. विस्कॉन्सिनच्या मॅरेथॉन काउंटीत कृत्रिम सावलीखाली दाट लागवड होते. तेथे एकदा पीक निघालेल्या जमिनीत पुन्हा लावलेली मुळे कुजतात, म्हणून शेतकऱ्यांना नवी जमीन शोधावी लागते. आमच्या विरळ पेरणीत हा धोका कमी असला, तरी दहा पट्ट्यांपलीकडे आणखी पाच पट्ट्यांची जागा मी राखून ठेवली आहे आणि तेथील मेपल तोडू दिलेले नाहीत.

मूळ उकरल्यावर त्याच्या मानेवर दरवर्षी गळलेल्या देठाचा एकेक वण मोजता येतो. २०२८ च्या सप्टेंबरात पहिल्या पट्टीतील मुळे मी तशीच मोजून काढीन. ज्यांचे वण कमी भरतील, ती पुन्हा मातीत ठेवीन.