एका रात्रीत आंधळा झालेला बोका

सकाळची तपासणीची वेळ संपत आली होती, तेव्हा एक काकू आपल्या तेरा वर्षांच्या बोक्याला पिंजऱ्यात घालून घेऊन आल्या आणि टेबलाशी येताच म्हणाल्या, "डॉक्टर, याला मोतीबिंदू झालाय. ऑपरेशन कधी करता येईल तेवढं सांगा." आदल्या दिवसापर्यंत हा बोका कपाटावर उडी मारून बसत होता. रात्रीपासून मात्र तो भिंतीला घासून चालत होता, पाण्याच्या भांड्यात पाय घालत होता आणि हाक मारली की आवाजाच्या दिशेने मान वळवून भलतीकडेच बघत होता. बाहुल्या इतक्या पसरल्या होत्या की भर उजेडातही दोन्ही डोळे काळेभोर दिसत होते. डाव्या डोळ्यात लालीही होती. त्यासाठी घरातल्या एका माणसाच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली थेंबांची बाटली काकूंनी सोबत आणली होती, पण विचारल्याशिवाय त्यांनी एकही थेंब टाकला नव्हता, याचे मला फार बरे वाटले.

त्या बाटलीत स्टिरॉइड होते. डोळ्याच्या पारदर्शक पटलावर, म्हणजे कॉर्नियावर, जखम असताना स्टिरॉइडचे थेंब पडले तर जखम भरत नाही, ती खोल जाते आणि कधी कधी डोळाच फुटतो. म्हणून लाल डोळा समोर आला की फ्लुरेसिनचा रंग टाकून जखम आहे का हे आधी पाहावे लागते. जखम असेल तिथे हा रंग हिरवा चिकटून राहतो आणि शाबूत पटलावरून धुऊन जातो. या बोक्याच्या दोन्ही डोळ्यांत तो कुठेही टिकला नाही. डोळ्यांतला दाबही मोजला. तो साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २५ मिलिमीटरच्या दरम्यान असतो आणि इथेही त्याच मर्यादेत होता, त्यामुळे काचबिंदूचा विचार मागे पडला.

मोतीबिंदूचे काय, हा काकूंचा प्रश्न उरलाच होता. वय झालेल्या कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांतले भिंग घट्ट होऊन त्यावर निळसर झाक येते आणि पुष्कळ लोक तिलाच मोतीबिंदू समजतात, पण त्या बदलाने प्राणी आंधळा होत नाही. खरा मोतीबिंदूसुद्धा म्हाताऱ्या मांजराची दोन्ही डोळ्यांची दृष्टी अशी एका रात्रीत नेत नाही. या बोक्याची भिंगे तर दोन्हीकडे स्वच्छ होती.

मी त्याला जमिनीवर सोडले. पोट जमिनीला लागेल इतका वाकून, मिशा पुढे ताणून, एकेक पाऊल चाचपत तो चालू लागला आणि खुर्चीच्या पायावर आदळला. कापसाचा बोळा त्याच्या समोरून खाली सोडला, तर मानही हलली नाही. कापूस पडताना आवाज होत नाही आणि वासही येत नाही, म्हणून या साध्या चाचणीवर माझा मोठा भरवसा आहे. डोळ्यांपुढे हात नेऊनही पापणी लवली नाही. हे करताना हाताचा वारा मिशांना लागू देऊ नये, नाहीतर आंधळे मांजरही डोळे मिटते आणि आपली फसगत होते.

मग खोलीतला उजेड कमी करून बारीक टॉर्चने उजव्या डोळ्यात पाहिले. एरवी मांजराच्या डोळ्यातून हिरवट-पिवळी चमक परत येते. इथे भिंगाच्या अगदी मागे करड्या रंगाचा पातळ पडदा दिसला, त्यावर रक्तवाहिन्यांच्या तांबड्या रेषा होत्या आणि डोळा हलला की तो पडदा सावकाश लहरत होता. दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या मागच्या बाजूचा प्रकाश टिपणारा पडदा, आपल्या जागेवरून सुटून पुढे आले होते. डाव्या डोळ्यात रक्तस्राव झाला होता, त्यामुळे आतले नीट दिसत नव्हते, आणि बाहेरून जाणवणारी लाली याचाच भाग होती.

वयस्क मांजराची दोन्ही दृष्टिपटले एकाएकी सुटली, तर सर्वांत आधी रक्तदाब मोजला पाहिजे. मांजर घाबरले की दाब वाढतो, म्हणून बोक्याला शांत खोलीत काकूंच्या मांडीवर दहा मिनिटे बसू दिले आणि मग पुढच्या पायाला पट्टा बांधून डॉप्लर यंत्राने दाब घेतला. पहिले माप सोडून दिले आणि पुढच्या मापांची सरासरी काढली. वरचा दाब २२० च्या आसपास होता. मांजरात १६० च्या पुढचा दाब वाढलेला समजतात आणि १८० ओलांडला की डोळे, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे यांना इजा होण्याचा धोका फार मोठा असतो. इतका दाब असला की दृष्टिपटलामागच्या थरातल्या रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि दृष्टिपटलाला उचलून धरतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे पोषण त्याच मागच्या थरातून होत असल्याने, ती ताटातूट जितकी लांबेल तितक्या त्या पेशी मरत जातात. म्हणूनच अशा मांजराला "उद्या बघू" म्हणून घरी पाठवणे मला मान्य नाही.

मूत्रपिंडे थकली की रक्तात साचणारे क्रिएटिनीन वाढलेले निघाले आणि लघवी पातळ होती. खोदून विचारल्यावर काकू म्हणाल्या, "पाणी जास्त पितो हो काही महिन्यांपासून, आणि हाडंही लागायला लागलीत हाताला. मला वाटलं, वय झालं." मूत्रपिंडांचा जुनाट आजार हे मांजरांतल्या उच्च रक्तदाबाचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. थायरॉइडची तपासणीही केली, ती ठीक आली.

शस्त्रक्रियेचा प्रश्नच नव्हता. अम्लोडिपिन या रक्तदाब उतरवणाऱ्या औषधाची १.२५ मिलिग्रॅमची मात्रा त्याच दिवशी सुरू केली आणि मूत्रपिंडांसाठी आहार बदलला. "हा पुन्हा बघेल का?" या प्रश्नाला मी होकार दिला नाही. दाब नक्की खाली आणता येईल, दृष्टीचे मात्र सांगता येत नाही, असे स्पष्ट सांगितले. घरातले सामान हलवू नका, मातीची पेटी आणि भांडी जिथल्या तिथे ठेवा, अंगाला हात लावण्याआधी हाक मारा, हेही सांगितले. काकूंनी ते सगळे कागदावर लिहून घेतले.

पुढच्या तपासणीत दाब १५० पर्यंत उतरला होता. त्यानंतरच्या भेटीत उजव्या डोळ्यातले दृष्टिपटल बरेचसे जागेवर बसलेले दिसले, उजेड पडताच बाहुली आवळली, आणि उजवीकडून सोडलेल्या कापसामागे बोक्याने मान फिरवली. डाव्या डोळ्यातले रक्त ओसरले, पण त्या डोळ्याने दिसेनासे झाले ते कायमचेच. एका डोळ्याच्या आधाराने तो घरात व्यवस्थित फिरतो. कपाटावर जात नाही, पण खिडकीत चढतो.

ज्यांच्याकडे दाब मोजण्याचे यंत्र आहे पण ते आजारी मांजरापुरतेच बाहेर काढले जाते, अशा व्यवसायबंधूंशी मी या विषयावर अनेकदा वाद घातला आहे. दहा वर्षांच्या पुढच्या प्रत्येक मांजराचा दाब, ते ठणठणीत दिसत असले तरी, वर्षातून एकदा तरी घ्यावा. या बोक्याचा दाब काही महिने आधी कळला असता, तर डावा डोळाही बहुधा वाचला असता. काकूंना हे पटले. बोक्याच्या तीन महिन्यांच्या तपासणीला त्या घरातल्या दुसऱ्या, अकरा वर्षांच्या मांजरीलाही घेऊन आल्या. तिचा दाब १३५ निघाला आणि तिला पुढच्या वर्षीची तारीख दिली.